तळाचं कातरण

आमच्या घरात यायचं तर दारातल्या खुर्चीशी थांबावं लागतं. खुर्चीत माझे सासरे बसलेले असतात. शेजारी एक स्टूल असतं, आणि तुमच्या हातात पिशवी, पर्स, भाजी जे काही असेल ते आधी त्या स्टुलावर टेकवायचं. माझं लग्न ठरलं आणि आई पहिल्यांदा या घरी आली, तेव्हा तिच्याही पिशवीवरून त्यांनी बाहेरून एक हात फिरवला नि म्हणाले, "फळं आहेत. आणि चष्म्याचं घर." आईला वाटलं, वा, किती आपुलकीचा माणूस! मला मात्र तेव्हाच कळलं, की आपलं काही खरं नाही.

सासऱ्यांची उभी हयात टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर गेली. पाळी सुटली की माणसं रांगेनं बाहेर यायची आणि हे एकेकाचा डबा, पिशवी, जाकीट चाचपून मग सोडायचे. कारखान्यात त्यांना सगळे 'चाचपे' म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण यांना माहीत होतं, आणि खरं सांगू का, थोडा अभिमानही होता. "डोळ्याला दाखवलेलं दिसतं," असं त्यांचं म्हणणं, "हाताला लपवलेलं कळतं." आता तर डोळ्यांनी जवळजवळ दगाच दिलाय, त्यामुळे सगळी भिस्त हातांवर.

निवृत्त झाले म्हणून गेट सुटलं असं कुणी समजू नये. ते घरी आलं. दुधाची पिशवी हातात तोलल्याशिवाय आत जात नाही. काडेपेटी आणली की कानाशी नेऊन हलवणार. कुलूप मी लावलं की हे ओढून बघणार, आणि मग आणखी एकदा ओढून बघणार, कारण पहिल्या ओढण्यावरही विश्वास नाही! एकदा अंगात सणसणून ताप होता, डॉक्टर घरी आले, तर हे अंथरुणात पडल्या पडल्या हात लांब करून डॉक्टरांची बॅग चाचपतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "काही हवंय का, आजोबा?" आजोबा म्हणाले, "नको. झालं बघून."

अशा माणसाच्या घरात मी भेटीच्या टोपल्या करायला घेतल्या. म्हणजे बघा.

वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की सगळ्यांना सगळ्यांकडे जायचं असतं, आणि हात हलवत जाता येत नाही. दुकानातल्या टोपल्यांना हात लावायची सोय नाही. काचेआडून बघायचं आणि पुढे चालायला लागायचं. मी पहिली टोपली स्वतःच्या मावशीसाठी केली, ती मावशीच्या शेजारणीनं बघितली, आणि मग मला उसंत मिळाली नाही. आता निम्मी इमारत माझ्याकडूनच नेते. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर नेतो, शाळेतल्या बाई नेतात.

स्वस्तात कसं बसतं, असं सगळ्या विचारतात, आणि तोंडावर असा भाव, की मी कुठे दरोडा घालते की काय. अगं बायांनो, रिकाम्या बरण्या तुम्हीच देता मला! त्या मी गरम पाण्यात बुडवून ठेवते, चिठ्ठ्या खरवडते, उकळते, आणि तुमच्याच बरणीत तुम्हाला जॅम देते. टोपल्या विणणारा आहे, त्याच्याकडे ज्या जरा कलत्या झालेल्या असतात त्या मागच्या बाजूला पडून असतात. त्या मी उचलते आणि कललेली बाजू भिंतीकडे करून ठेवते. रिबिनी म्हणजे कापडवाल्याकडचे ठाणाचे शेवटचे तुकडे. मेणबत्त्या उरल्यासुरल्या मेणाच्या. साबण मी घरी करते, दुधाच्या खोक्यात ओतून, घट्ट झाला की तारेनं कापून. बिस्किटं तर घरचीच. आणि तळाला कातरण. आमचे हे छापखान्यात आहेत, तिथे कागदाच्या कडा कापतात त्या पट्ट्यांचा ढीग पडतो. पोत्यानं आणतात. टोपलीच्या तळाला त्या पट्ट्यांचा जाड गादीसारखा थर दिला की मोजक्याच वस्तू वर येतात नि टोपली भरगच्च दिसते.

यावरून आमची पहिल्याच वर्षी जुंपली.

"खाली कागद, वर माल," सासरे म्हणाले. टोपलीत मनगटापर्यंत हात घातलेला. "याला फसवणूक म्हणतात."

"याला सजावट म्हणतात, बाबा."

"गेटवर असे पकडलेत मी. वर डबा, खाली कागद, कागदाखाली माल."

"इथे कागदाखाली काही नाहीये!"

"तेच म्हणतोय. नुसता कागद. ही तर उलटी फसवणूक झाली."

काय बोलायचं अशा माणसाशी? मी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसापासून एकही टोपली त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडली नाही. उचलायचे, तोलायचे, ठेवायचे. एकदा म्हणाले, "यात मेणबत्ती नाही." मी चिडून टोपली उघडली, आणि खरंच नव्हती. राहून गेली होती. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? उलट अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून मीही टोपली तोलायला शिकले. डोळे मिटून उचलायची. एखादी वस्तू राहिली तर हाताला कळतं. शिकले त्यांच्याकडूनच, पण त्यांना कबूल करून दाखवते की काय!

आता ताईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ताई म्हणजे माझी नणंद, यांची मोठी बहीण. तिचा नवरा त्याच कारखान्यात शिलाई खात्यात होता. मी या घरात नवी नवी आले होते आणि ताईला तेव्हाच मुलगी झाली होती. तर एके दिवशी जावयानं कडेची शिलाई वाकडी गेलेला एक छोटा टॉवेल, असेच बाद करून फेकायच्या ढिगातला, डब्याखाली ठेवला आणि रांगेत उभा राहिला. पोरीचं तोंड पुसायला. गेटवर कोण, तर सासरा! त्याला वाटलं असेल, आपलाच माणूस. आणि आपल्याच माणसानं डबा उचलला, टॉवेल काढला, सगळ्या रांगेसमोर हवेत धरला, आणि वर कळवलं. टॉवेल गेटवरच्या जप्तीच्या कपाटात गेला, आणि जावई घरी गेला. नोकरी गेली ती गेलीच.

ताई त्या संध्याकाळी तान्ह्या पोरीला घेऊन आली होती. सासरे याच खुर्चीत. सवयीनं, अगदी सवयीनं हो, त्यांनी ताईच्या खांद्यावरच्या पिशवीला हात लावला. पिशवीत पोरीचे लंगोट होते. ताई म्हणाली, "बाबा, या दारात मी पुन्हा पिशवी टेकवणार नाही." ती गेली. त्यानंतर तिनं या घराचा उंबरा ओलांडला नाही. भावाशी बोलते फोनवर. बापाचं नाव काढलं की म्हणते, रेंज गेली.

ती तान्ही पोरगी आता नववीत आहे. आजोबांनी तिला त्यानंतर पाहिलेली नाही.

आणि यंदा सुट्ट्यांच्या तोंडावर ताईचा फोन आला, की जावयाला फार लांब, समुद्रापलीकडे काम मिळालंय, सुट्ट्या संपल्या की बाडबिस्तरा आवरून निघणार. आमचे हे फोन ठेवून स्वयंपाकघरात आले नि मटकन खाली बसले. "आता नाही आली तर विषय संपला," म्हणाले. "बाबांचं वय बघ. आता नाही तर कधीच नाही." एवढं बोलून मोठा पुरुष लहान मुलासारखा नाक ओढायला लागला. दारातल्या खुर्चीतून काही आवाज आला नाही, पण कान तिकडचे इकडेच होते हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी ताईसाठी टोपली करायला घेतली. म्हटलं, बापाच्या बोलावण्यानं नाही, भावाच्या रडण्यानं नाही, तर निदान वहिनीच्या हाताच्या जॅमनं तरी विरघळते का बघू. बाकी सगळ्या टोपल्यांना लाल रिबीन लावली, ताईच्या टोपलीला हिरवी, म्हणजे घोटाळा नको. छापखान्याची गाडी तिच्या गावाला जाते, तो ड्रायव्हर घरपोच देणार होता. सगळं ठरलं. फक्त एका माणसाचा भरवसा नव्हता, आणि तो माणूस दारात बसला होता.

"हिरवी कुणाची?" त्यांनी विचारलं.

डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, आणि रिबीन हिरवी हे बरोबर दिसलं! माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

"आहे एकाची," मी म्हटलं.

"तिची ना?"

मी भांडी आपटली. त्यांनी पुढे विचारलं नाही. पण सारखं त्या टोपल्यांच्या मेजाभोवती घुटमळणं सुरू झालं. एरवी खुर्चीतून हलायचं म्हटलं तर गुडघे दुखतात. आता गुडघे ठणठणीत! मी आले की काठी टेकत परत खुर्चीत. तोंडावर साळसूदपणा. हा माणूस काहीतरी करणार, माझी खात्री झाली. टोपलीतलं काहीतरी काढणार, नाहीतर पोचूच देणार नाही. ज्यानं लेकीच्या नवऱ्याला रांगेत उभं करून उघडं पाडलं त्याला भेटीची टोपली सहन होईल होय? मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. गेटवरच्या माणसावर पहारा! हसाल तुम्ही, पण मला हसू येत नव्हतं.

टोपली निघायच्या आदल्या दुपारी मला खालच्या मजल्यावर बरण्या आणायला जावं लागलं. खालच्या बाई म्हणजे बोलायला लागल्या की सुटका नाही. वर आले तर सासरे खुर्चीत, हात मांडीवर, शाळेतल्या फोटोत बसल्यासारखे. आणि स्वेटरच्या बाहीला कातरणाची एक पट्टी चिकटलेली.

"हे काय?" मी म्हटलं.

"काय?"

"हे कातरण. बाहीला."

"वारा आला असेल."

खिडकी बंद होती. मी खिडकीकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. मी तडक मेजाशी गेले. हिरव्या रिबिनीची टोपली जागच्या जागी. वरून सगळं जसंच्या तसं, जॅम, बिस्किटं, मेणबत्ती, वर मी खोवलेली सुकलेली फुलं. मी डोळे मिटले आणि टोपली उचलली. वजन बरोबर. काल होतं तेवढंच. तरी दोनदा उचलून बघितली, मग निर्धास्त झाले. म्हटलं, नुसते चाचपून परतले, सवयीप्रमाणे. सकाळी आमच्या यांनी टोपली नेली, ड्रायव्हरच्या हवाली केली, आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

मग सासऱ्यांच्या पलंगाची चादर बदलायला गेले.

उशी उचलली, तर खाली साबण! माझा. तारेनं कापलेला, कडेला माझ्या हाताची खूण असलेला. मी तो हातात घेऊन उभी राहिले, आणि आधी काय वाटलं सांगू? आधी मला आनंद झाला. सापडला! जन्मभर दुसऱ्यांचे डबे उघडणारा माणूस सुनेचा साबण चोरतो! मी मेजावरच्या सगळ्या लाल टोपल्या उचकल्या. सगळ्यांत साबण होता, जॅमच्या बरणीमागे, वरून न दिसणारा. म्हणजे हा हिरवीतलाच. पहिला आनंद ओसरला आणि मग डोक्यात लख्ख झालं, की साबण काढला तर वजन कमी लागायला हवं होतं. मी दोनदा उचलली होती टोपली. वजन कमी नव्हतं.

म्हणजे काढलं तेवढंच आत घातलं होतं.

गेटवरचा माणूस. कुठला माल कशाच्या वजनाचा, कुणाला कशानं फसवता येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मी तोलून बघणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला तोलायला त्यांनीच शिकवलं होतं.

मी सरळ दारात जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि साबण स्टुलावर ठेवला, जिथे लोक पिशव्या ठेवतात तिथे.

"हे काय आहे?"

त्यांनी हात पुढे केला, साबण चाचपला, हात मागे घेतला. "साबण."

"तुमच्या उशीखाली कसा आला?"

त्यांनी काठीची मूठ चोळली.

"बाबा, मी विचारतेय. टोपलीत काय घातलंत?"

"वजन बरोबर आहे ना?" ते म्हणाले.

"वजन गेलं खड्ड्यात! काय घातलंत तळाला?"

"कुणाला लागणारं नाही ते. तिलाच कळेल."

बस. पुढे ताकास तूर लागू दिली नाही. मी रागावले, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. एवढे हात मी कुणापुढे जोडत नाही. ते भिंतीकडे बघत बसले. बोलणाऱ्या माणसाला गप्प करायला कितीतरी उपाय असतात, पण गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला बोलतं कसं करायचं हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

संध्याकाळी हे आले तेव्हा सगळं सांगितलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. "भावजींविरुद्ध दिलेल्या तक्रारीची नक्कल," हे म्हणाले. "बाबांच्या पेटीत असणार. तीच घातली असेल, की बघ, मी बरोबर होतो."

मला तर तेही पटलं. मीच मनातल्या मनात आणखी भर घातली. या माणसाला आयुष्यात एकदाही चुकल्यासारखं वाटलेलं नाही, आणि लेक निघाली समुद्रापलीकडे, तर जाता जाता तिच्या हातात पुन्हा तेच द्यायचं! आणि कुणाच्या टोपलीतून, तर माझ्या! मी बिस्किटं भाजत होते नि रडत होते, रागानं. ताईला वाटेल, वहिनीही सामील. हे ताईला फोन लावत राहिले. ती उचलेना. ड्रायव्हरला गाठलं, तर तो म्हणाला, टोपली दिली, बाईंनी दारातच घेतली, दारातच उलटी केली.

"उलटी केली?" हे म्हणाले.

"हो. सगळं जमिनीवर. मी घाबरलो, निघून आलो."

त्यानंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. सासऱ्यांशी मी बोलत नव्हते. ताट पुढे ठेवायचं आणि वळायचं. तेही ताट चाचपायचे आणि जेवायचे. एक मात्र मी बघितलं. दारात पावलं वाजली की ते मान वर करायचे, आणि पावलं दुसऱ्या मजल्याकडे गेली की मान खाली. मला तेव्हा त्याचाही संशय आला. म्हटलं, वाट बघतायत, भांडण कधी येतंय त्याची.

सुट्ट्या संपत आल्या होत्या. दुपारी मी शेवटच्या टोपल्या बांधत होते. दारात कुणीतरी आलं. कुणीही आलं की सासरे खुर्चीतून विचारतात, "काय आणलंय?" भिकाऱ्यालाही विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. ती शांतता ऐकूनच मी हातातली रिबीन टाकून बाहेर आले.

उंबऱ्याबाहेर ताई उभी होती. केस पिकलेले, चेहरा तोच, बापासारखाच. मागे एक उंच, सडपातळ मुलगी. ताईच्या हातात माझी टोपली, हिरवी रिबीन घट्ट गाठीनं बांधलेली.

ताईनं टोपली स्टुलावर ठेवली.

"तपासा," ती म्हणाली.

सासऱ्यांचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

"नाही? सवय मोडली? मग मीच दाखवते." तिनं गाठ सोडली, कातरणात हात घातला आणि तळातून एक छोटासा टॉवेल बाहेर काढला. पांढरा होता कधीकाळी, आता पिवळसर. एका कडेची शिलाई वाकडी. नीट घडी केलेला, आणि घडीवर इतक्या वर्षांची रेघ.

मी भिंतीला टेकले. तो टॉवेल मी कधी बघितला नव्हता, पण ओळखायला बघायची गरज नव्हती.

"टोपली आली तशी आधी उलटी केली," ताई म्हणाली. "तुमचीच पोर मी. जॅम नंतर बघितला, तळ आधी." तिनं टॉवेल त्यांच्यासमोर हवेत धरला. "हा तर जप्तीच्या कपाटात होता ना, बाबा? मग हा गेटबाहेर कसा आला?"



"डब्याखालून," सासरे म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या. शेवटच्या दिवशी. हार घातला, फोटो काढला, आणि मी डबा घेऊन बाहेर आलो. मला कोण तपासणार?"

मग ती मुलगी पुढे झाली. तिनं आईच्या हातातून टॉवेल घेतला, उलगडला, स्वतःच्या तळहातावर पसरला. तळहाताबाहेर फारसा आला नाही तो.

"आई," ती म्हणाली, "एवढ्याशा टॉवेलसाठी?"



"हो गं," सासरे म्हणाले. "एवढ्याशाच." आणि त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, टॉवेल मागतायत. पण त्यांनी नातीचं मनगट धरलं, मग दंड, मग खांद्यापर्यंत हात नेला, वर, आणखी वर, ती किती उंच झाली ते बघत. ते चाचपणंच होतं, पण त्यात काही शोधायचं नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मग इतकी वर्षं का नाही दिलात?" ताई म्हणाली.

"धीर झाला नाही. दिला असता तर म्हणावं लागलं असतं."

"काय?"

"की तो चोर नव्हता." त्यांनी काठी शोधली. "जावई कुठायत?"

"खाली. रिक्षात बसलेत, सामान घेऊन. वर येणार नाही म्हणाले."

सासरे उठले. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला. कठड्याला धरून एकेक पायरी खाली गेले, आम्ही वरून बघत राहिलो. खाली काय बोलणं झालं मला माहीत नाही. कान देऊन ऐकलं, खोटं कशाला सांगू, पण काही ऐकू आलं नाही. रिक्षाचा भोंगा वाजला, मग थांबला. मग काठीचा आवाज जिन्यावर परत यायला लागला, आणि तिच्या मागे जड पावलं.

जावई दारात आला. दोन्ही हातांत मोठ्या बॅगा, प्रवासाच्या. तो उंबऱ्याशीच थांबला. सासरे खुर्चीशेजारी उभे होते, धाप लागलेली. जावयानं एक बॅग स्टुलावर ठेवली आणि तिची चेन, इकडून तिकडून, पूर्ण उघडली. आतलं सगळं दिसत होतं.

"घ्या," तो म्हणाला. "बघून घ्या. नंतर नको."

सासऱ्यांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. खोल घातले. मग पायानं ती खुर्ची मागे ढकलली, भिंतीपर्यंत, आणि दार सगळं मोकळं झालं.

"आत या," ते म्हणाले. "सून चहा टाकतेय."

मी चहा टाकला नव्हता. पळाले.